संगणक सुरक्षा मंडळाचे गाऱ्हाणे

२२ जुलै २००२

आज महाविद्यालयात संगणक सुरक्षा मंडळ स्थापन झाले. अध्यक्ष मी. सभासद सहा.

गेल्या आठवड्यातल्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता 'संगणक : मित्र की शत्रू'. मी शत्रू म्हणून बोलले आणि पहिली आले. ज्या ज्ञानाच्या कोठारावर पहारा नाही ते चोरांच्याच मालकीचे, असे म्हणाले तेव्हा मागच्या बाकांवरूनही टाळ्या आल्या. समारोपात प्राचार्य म्हणाले, या तळमळीचे काहीतरी झाले पाहिजे. मी तिथल्या तिथे उठून विचारले, काय आणि कधी. त्यांना हे अपेक्षित नसावे. आज मंडळ झाले.

मी तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र. संगणकाला अजून हात लावलेला नाही. पण तुरुंग न पाहिलेल्यांनी स्वातंत्र्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिलेच की.

सचिव महरीन. द्वितीय वर्ष विज्ञान. बोलते कमी, आणि संगणक तिचे ऐकतो. तिचे वडील नासिरचाचा कुवेतला ट्रक चालवतात. संस्थेच्या लॅबला इंटरनेट आहे का, हा तिचा पहिला प्रश्न होता. सुरक्षेची ओढ अशी असावी.

घरी आईला सांगितले. ती मासळीची टोपली धूत होती. म्हणाली, "चांगलं झालं बाय. त्या मंडळाला गनपती असतो का?"

५ ऑगस्ट

प्राचार्यांनी लॅबमधला कोपऱ्यातला संगणक आम्हाला दिला. महरीन म्हणाली, याला परवलीचा शब्द हवा, आणि तो दोघींच्या पलीकडे जाता कामा नये. मी 'वादळ सत्त्याहत्तर' दिला. तिने तो इंग्रजी अक्षरांत बसवला.

तिने माऊस हातात दिला तेव्हा बाण पडद्याच्या कडेला जाऊन दिसेनासा झाला. मी माऊस परत दिला. सेनापतीने प्रत्येक तोफ स्वतः डागायची नसते.

८ ऑगस्ट

उद्घाटन झाले. चाळीसेक माणसे आली. आमची मंडळी, त्यांच्या आया, बाजारपेठेतले काही दुकानदार आणि चहा आहे म्हणून आलेले एनसीसीवाले.

लॅबचे शिपाई गंगारामकाका आपल्या गावचे मानकरी आहेत. ते म्हणाले, देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय म्हशीन सुरू करायचे नाही. मी देवभोळी नाही. पण लोकपरंपरेला तुच्छ लेखणारी सुधारणा मुळे तोडलेल्या झाडासारखी असते, हे मी तीन स्पर्धांत मांडले आहे, म्हणून होकार दिला.

काकांनी नाव, गाव, कारण विचारून घेतले. मग म्हणाले, कुलूप कसले घातलेय? महरीन म्हणाली, ते सांगायचे नसते. काका म्हणाले, "देवापुढं अर्धीमुर्धी गोष्ट मांडत नाय. अर्धी सांगितली तर राखन पन अर्धीच व्हते." तर्क बिनतोड होता. मी त्यांच्या कानात सांगितले.

काकांनी नारळ हातात धरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वाडीच्या, बारा येशीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज ह्या पोरांनी ह्या म्हशिनीचं मंडळ मांडलानी हाय, त्याला यश दे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी म्हशिनीला जो कुलपाचा शबूद घातलानी हाय, वादळ सत्त्याहत्तर, आधी वादळ मग सत्त्याहत्तर, मधी जागा न सोडता, तो कुना दुस्मनाच्या कानाव पडू दिऊ नको रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाहेर व्हरांड्यातून कॅन्टीनवाल्यांचेही व्हय आले. महरीन भिंतीला टेकून उभी होती.

९ ऑगस्ट

महरीनचे म्हणणे, शब्द आजच बदलू. मी तिला नीट समजावले. काल चाळीस माणसांनी देवासमोर होकार भरला. आज शब्द बदलायचा म्हणजे त्या चाळिसांना चोर ठरवायचे. ज्या समाजाचा स्वतःवर विश्वास नाही त्याला कुठलेही कुलूप पुरत नाही. ती म्हणाली, "ताई, कुलूप विश्वास नसतो म्हणूनच लावतात." वाक्य चांगले होते, पण त्यात निराशावाद होता. शब्द कायम राहिला.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर बोलले. प्रमुख पाहुणे कारखानदार होते आणि घड्याळ बघत होते. मी विचारले, आमच्या व्यासपीठावर दरवर्षी मोटारीतून उतरणारीच माणसे का? ज्या बाईच्या टोपलीवर हे शहर जेवते तिला इथली खुर्ची कधी मिळणार? प्राचार्यांचे कान लाल झाले. नंतर त्यांनी मला बोलावले. वाटले, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी एवढेच विचारले की ही टोपलीवाली बाई म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर कोणी विशिष्ट आहे का. मी म्हणाले, ती प्रतीक आहे. "प्रतीकाला पत्ता असतो का?" ते म्हणाले. प्राचार्यांची विनोदबुद्धी सामान्य आहे.

१९ सप्टेंबर

मंडळाची घोडदौड सुरू आहे. महरीनच्या सूचनेवरून दर गुरुवारी दुपारी 'सुरक्षित संवादाचे प्रात्यक्षिक' ठेवतो. गुरुवारच का, विचारले, तर म्हणाली, त्या दिवशी तिकडे अर्धी सुट्टी असते. तिकडे म्हणजे कुठे ते विचारायचे राहिले.

आज राजिवडा मोहल्ल्यातून बारा बायका आल्या. महरीनची आई हफीजाचाची पुढे होत्या. मी आधी परवलीच्या शब्दाचे माहात्म्य यावर अर्धा तास बोलले. एकही बाई जागची हलली नाही, सगळ्यांचे डोळे संगणकाकडे. इतका एकाग्र श्रोतृवर्ग मला जिल्हास्तरावरही लाभलेला नाही. मग प्रात्यक्षिक झाले. एकेकीने कानाला हेडफोन लावले. हफीजाचाची पडद्याला म्हणाल्या, "जेवलाव काय?" आणि पदराने डोळे पुसले. विषय त्यांना भिडला असावा.

जाताना त्यांनी सांदणांचा डबा ठेवला.

२४ ऑक्टोबर

सभासद नव्वदच्या वर गेले. त्यात विद्यार्थी किती ते मोजलेले नाही. चळवळ वयाच्या दाखल्यावर चालत नाही. लॅबमध्ये चपला बाहेर काढायचा नियम आहे. चपलांची रांग आता ग्रंथालयाच्या दारापर्यंत जाते. ग्रंथपालांना प्रथमच कोणीतरी येत असल्याचा भास झाला.

२ नोव्हेंबर

मंडळावर हल्ला झाला आहे.

आमचा कार्यकर्ता सोहम याने मंडळाच्या ई-मेलच्या टपालपेटीतली पत्रे छापून आणली. अकरा पत्रे, एकही मंडळाच्या नावे नाही. पहिल्यात लिहिले आहे, 'शेळी व्याली का, कळव.' दुसऱ्यात, 'कौलं चाळून घ्या, वानर फार झालेत.' तिसऱ्यात नुसते, 'खबर ऐकतो, पण इथे सध्या शांत आहे.' ही सांकेतिक भाषा आहे हे उघड आहे. शेळी म्हणजे आपली यंत्रणा. वानर म्हणजे घुसखोर. तिसरे पत्र सर्वांत भीषण.

४ नोव्हेंबर

दोन दिवस संकेत उलगडत होते. शेळी, कौल आणि वानर यांची आद्याक्षरे उलटसुलट लावून पाहिली. शेवटी महरीनला कागद दाखवले. तिने शांतपणे वाचले आणि म्हणाली, "ताई, ती शेळीच आहे. सलमाखालांची. व्याली, दोन झाली." पत्रे कुवेतहून राजिवड्यातल्या घरच्यांना आलेली होती. मग ती आमच्या पेटीत कशी, विचारले. म्हणाली, "त्यांना आपलाच पत्ता ठाऊक आहे." आणि उघडते कोण? यावर ती म्हणाली की ज्यांनी व्हय म्हटले ते.

तिचे बोलणे कधीकधी गूढ असते. पण तिसऱ्या पत्राबद्दल मी जास्त विचारले नाही. ते नासिरचाचांचे होते. तिकडे लढाई होणार असे सगळी वर्तमानपत्रे म्हणत आहेत.

६ डिसेंबर

ईद. लॅबमध्ये साठ-सत्तर माणसे, शीरखुर्म्याची पातेली आणि एक संगणक. एक विश्वस्त अचानक पाहणीला आले. चपलांच्या ढिगात पाय अडकून ते थेट लॅबच्या आत आले. उठल्यावर त्यांनी विचारले की हे मंडळ नेमके कशाचे रक्षण करते. मी उत्तर सुरू केले. ते मध्येच गेले.

९ डिसेंबर

प्राचार्यांनी मला आणि महरीनला बोलावले. विश्वस्तांचे म्हणणे, मंडळ बंद करा आणि लॅबला कुलूप लावा. प्राचार्य म्हणाले, मी तुम्हाला एक संधी देतो. तुम्ही रक्षण करता म्हणता ना, मग एका गोष्टीचे करून दाखवा. फेब्रुवारीतल्या स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्यांचे नाव मी तुमच्या संगणकात ठेवतो. आठ तारखेपर्यंत ते बाहेर कोणाला कळले नाही तर लॅब तुमची. कळले तर त्याच दिवशी कुलूप.

"नाव आणखी कोणाला ठाऊक आहे?" महरीनने विचारले.

"कोणालाही नाही. पाहुण्यांनासुद्धा नाही. सकाळी गाडी पाठवून आणणार. गुप्तता म्हणजे गुप्तता."

इतका तत्त्वनिष्ठ माणूस मी प्रथमच पाहिला.

त्यांनी लॅबचे दार लावून एका बोटाने नाव टंकले. अर्धा तास लागला. महरीनने फाइलला कुलूप घालताना माझ्याकडे पाहिले. निदान आता तरी शब्द बदलू, म्हणाली. कसोटीच्या क्षणी शब्द बदलणारी मी नाही. वादळ सत्त्याहत्तर.

बाहेर हफीजाचाची बाकावर बसल्या होत्या. त्यांना सांगितले, काळजी करू नका, तुमचा गुरुवार जाणार नाही. त्या माझा हात धरून बसल्या. मी तिथेच मनाशी ठरवले की ती फाइल मी स्वतःही उघडणार नाही. मला नाव कळले तर ते माझ्या भाषणात येईल. मी स्वतःला ओळखते.

१० डिसेंबर

गंगारामकाकांनी आज मला कपबशीतून चहा दिला. एरवी स्टीलच्या पेल्यात देतात. म्हणाले, "घ्या ताई. तुमच्या घरान्याचं भाग्य." अध्यक्षपदाचा मान शेवटी तळापर्यंत पोचतो.

२३ डिसेंबर

विलक्षण गोष्ट. दरवर्षी या दिवसांत पाहुणे कोण म्हणून सगळी रत्नागिरी आमचे डोके खाते. रिक्षावाले पैजा लावतात. यंदा कोणी विचारतच नाही. मीच बाजारात दोघातिघांना म्हणाले, नाव आमच्याकडे आहे हो, पण सांगणार नाही. ते म्हणाले, नका सांगू. एवढी नागरी शिस्त मी फक्त पुस्तकांत वाचली होती. हे मंडळाच्या प्रबोधनाचे फळ आहे.

५ जानेवारी २००३

आज रविवार. आईच्या शेजारी बसले होते, तर प्राचार्य मासळी बाजारात. पक्के शाकाहारी माणूस. नाकाला रुमाल लावून आईसमोर उभे राहिले, तिच्या चेहऱ्याकडे एकटक पाहत सुरमईचा भाव विचारला आणि घासाघीस न करता घेतली. आईने त्यांच्याकडे बांगड्याकडे बघावे तसे पाहिले. गेल्या तीन-चार रविवारी येतायत म्हणे. तत्त्वे बदलत असावेत. गंगारामकाकांकडे मात्र दर रविवारी सुरमई असते, असे सोहम सांगत होता.

१२ जानेवारी

घरात काहीतरी शिजते आहे.

आईने नवे नऊवारी आणले, अंजिरी रंगाचे. मला पाहून उशीखाली सरकवले. काल घरी आले तर हफीजाचाची फीत घेऊन आईची मापे काढत होत्या; मी शिरताच दोघी पापलेटाविषयी बोलू लागल्या. बाजारातल्या बायका मला पाहून गालात हसतात. आज जेवताना आईने विचारले, "त्या माईकपासनं किती लांब तोंड धरायचं गो?"

नवी साडी, कुजबुज, लाऊडस्पीकर. न कळायला मी काही लहान नाही. माझे लग्न ठरवले जात आहे.

१३ जानेवारी

आईला समोर बसवून बोलले. स्त्रीच्या आयुष्यावरील निर्णय तिच्यापासून लपवणे हा अन्यायाचा सर्वांत जुना प्रकार आहे, इथून सुरुवात करून चार देशांचे दाखले दिले. आई कोलंबी सोलत होती. शेवटची कोलंबी झाली तेव्हा म्हणाली, "झालं? हात धू, जेव."

"आई, तू माझ्यापासून काही लपवतेस का?"

"मी काय लपवनार बाय? माज्याकडं टोपली हाय, तिला झाकन पन नाय."

तिचा चेहरा जराही बदलला नाही. पंचवीस वर्षे बाजारात बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून भाव कळत नाही, खरा भाव तर नाहीच.

३० जानेवारी

आजच्या गुरुवारी रांग व्हरांडा ओलांडून पायऱ्यांपर्यंत. बहुतेकांची माणसे कुवेतला. व्याख्यान द्यायला उभी राहिले आणि का कोण जाणे, दोन मिनिटांतच खाली बसले. हफीजाचाचींनी नासिरचाचांना विचारले, निघता येईल का. पलीकडून काय उत्तर आले ते ऐकू आले नाही. त्या म्हणाल्या, "मग रोज दिसा तरी." दर गुरुवारचे आता रोज व्हायला हवे. प्राचार्यांची परवानगी आठ तारखेवर अवलंबून आहे.

नाव फुटले तर. एवढाच विचार डोक्यात आहे.

७ फेब्रुवारी

उद्या. मंडप उभा राहिला. आज मंडपवाला माझ्यासमोर गंगारामकाकांना विचारत होता, माईकचा दांडा किती खाली घेऊ. काका म्हणाले, ताईंच्या खांद्याएवढा. मी म्हणाले, मी उंच दांड्यावरून बोलते. दोघेही मंडपाच्या छताकडे पाहू लागले.

आई सांगून गेली, उद्या बाजारात बसणार नाही, पाय दुखतोय. उद्याच मुलाकडची मंडळी येणार असतील तर मी घरी सापडणार नाही.

८ फेब्रुवारी

 क्रमाने लिहिते.

सकाळी नऊला प्राचार्यांनी जीपचा ड्रायव्हर बाबल्या याच्या हातात बंद पाकीट दिले. पाकीट उघडून, वाचून, त्याने हवे होते त्यापेक्षा थोडे जास्तच आश्चर्य दाखवले आणि निघाला. साडेनऊला परत. म्हणाला, माणूस जागेवर नाही. प्राचार्य खुर्चीत बसले. सहाशे माणसे मंडपात, विश्वस्त पहिल्या रांगेत आणि पाहुणे नाहीत. गुप्तता इतकी कडेकोट की पाहुण्यांनाही पत्ता नव्हता. मला वाटले, आम्ही जिंकून हरणार.

तेवढ्यात गंगारामकाका आले. म्हणाले, सर, कोनाला शोधतायसा ते मला म्हाईत नाय, पन सहज सांगतो, भागूबाई बायकांच्या खोलीत येऊन बसल्यायत, पोरीचं भाषण ऐकाय.

प्राचार्य धावले. मी मागून. आई खुर्चीवर बसली होती. अंजिरी नऊवारी, केसांत अबोली, पायांत नव्या चपला. शेजारी हफीजाचाची, हातात सुई-दोरा.

प्राचार्यांनी माझ्या आईला हात जोडले.

मंडपात त्यांनी नाव जाहीर केले. सहाशे माणसांनी एका आवाजात "अरे!" म्हटले. कॅन्टीनवाल्यांचे अरे थोडे आधी आले. रिक्षावाल्यांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. प्राचार्यांनी विश्वस्तांना सांगितले, मी दर रविवारी जाऊन या बाईंचा चेहरा पाहत होतो. अध्यक्षीणबाईंनी फाइल उघडली असती तर आईला कळलेच असते आणि तिच्या तोंडावर दिसले असते. काही दिसले नाही. 

आई माईकसमोर उभी राहिली. दांडा बरोबर तिच्या तोंडाशी होता. तिने तोंड वीतभर लांब धरले.

"नमस्कार. मला बोलाय सांगितलानी. आमच्या घरात बोलनारी एक हाय, ती तुमी रोज ऐकताव. मी तिच्या वाटनीचं गप ऱ्हाते. गप ऱ्हानं सोपं नसतं. ह्या दोन म्हयन्यांत तर मी..."

"व्हय म्हाराजा!" गंगारामकाका मागून एकदम ओरडले.

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप ओरडला. हफीजाचाचीसुद्धा. आमच्या लोकांच्या नसानसांत परंपरा कशी भिनली आहे ते दिसले. कोणाच्या मुखातून केव्हा उमटेल सांगता येत नाही.

आईने क्षणभर सगळीकडे पाहिले. "हां," ती म्हणाली. "येवढंच. पोरी बोलतत त्यांना बोलू द्या. आनी ती खोली उघडी ठेवा." आणि खाली बसली.

इतके छोटे भाषण मी आजवर ऐकले नव्हते. त्यानंतर माझे भाषण होते. मी माईकपाशी गेले, दांडा खालीच होता, तो वर घेतला नाही.  मी "व्हय महाराजा" म्हणाले आणि परत आले.

१३ फेब्रुवारी

लॅबची किल्ली मंडळाकडे. आता रोज दुपारी उघडते. नासिरचाचांना रजा मिळालेली नाही, पण ते रोज दिसतात. आज त्यांनी पडद्यावरून मला सलाम केला आणि म्हणाले, भाषण ऐकायचे राहिले. मी म्हणाले, या, मग ऐकवते.

महरीनला म्हटले, काम झाले, आता ती फाइल पुसून टाक. उघडून एकदा पाहते म्हणाले, तर ती म्हणाली, "नको ताई, तुम्ही न उघडता ठेवलीत हीच शान आहे." पटले. तिने फार चटकन पुसली. एका नावाची फाइल इतकी मोठी कशी, आणि दोन महिने रोज वाढत कशी गेली, असे सोहम पुटपुटला. तिने त्याला पाणी आणायला पाठवले.

मी महरीनला आठवण करून दिली की ऑगस्टमध्ये तिचा लोकांवर विश्वास नव्हता. चाळीस माणसांनी व्हय म्हटले होते आणि शेवटपर्यंत एकाही शत्रूच्या कानावर शब्द गेला नाही. ती म्हणाली, "हो ताई. तुमचं बरोबर होतं." तिला इतके मनापासून काही मान्य करताना मी प्रथमच पाहिले.

रात्री आईला विचारले, पाय दुखत होता तर तू त्या दिवशी नेमकी कॉलेजात कशी? आणि साडी? म्हणाली, असंच. नजर मात्र चुकवली. माझ्या लग्नाचे ते प्रकरण अजून मिटलेले नाही, हे उघड आहे. बिचारीला मनातले काही लपवता येत नाही. उद्यापासून तिला गुपित राखण्याचे प्राथमिक धडे देणार आहे. ती हो म्हणाली आहे.